पत्रिकेत आई कुठाय?

लग्नाची पत्रिका कुणी वाचत नसतं. माणूस तिच्यात आपलं नाव शोधतो. सापडलं की पत्रिका टीव्हीच्या मागं खोचून ठेवतो. नाही सापडलं तर परत वरपासून बोट फिरवतो. तरीही नाही सापडलं तर लग्नाला जातो खरं, पण जेवत नाही. चेष्टा करत नाही मी. पस्तीस वर्षं सोलापुरात लग्नपत्रिकांची अक्षरं जुळवलीत. साखर पेठेतल्या एका बोळात आमचा छापखाना. एकदा एक मामा रुसले म्हणून वाटायला निघालेल्या सातशे पत्रिका परत आल्या. मामांचं नाव छापलेली करंगळीएवढी पट्टी एकेका पत्रिकेवर चिकटवत दोन दिवस बसले होते मी. खळीनं बोटं अशी चिकटली होती की घरी गेल्यावर भाकरीचं पीठ सुटेना.

माझी शाळा चौथीपर्यंत. नवरा गिरणीत होता, गिरणीला घरघर लागली तशी मी कामाला बाहेर पडले. छापून झालेल्या मजकुराचे शिशाचे खिळे सुटे करायचे आणि ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, हे पहिलं काम. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशात दिसल्यासारखं. त्यामुळं मी चांगलं वाचायला शिकले ते उलटं. सरळ वाचन मागनं आलं. अजूनही मला दुकानाच्या काचेवरची पाटी आतनं लवकर वाचता येते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पत्रिका म्हणजे काय, चार ओळी. पण त्यातली गंमत सांगते. वर गणपती. मग ‘श्री. अमुक यांची कन्या’ आणि ‘श्री. तमुक यांचे चिरंजीव’. मग मुहूर्त, स्थळ, आग्रहाचं निमंत्रण आणि शेवटी ‘आपले नम्र’ म्हणून नावांची पलटण. दर वेळी एवढं नव्यानं कोण जुळवणार? म्हणून हा सगळा मजकूर एकदाच जुळवून, दोऱ्यानं करकचून बांधून फळीवर ठेवलेला असायचा. गिऱ्हाईक आलं की दोरा सोडायचा, तेवढी नावं बदलायची, परत बांधायचा. त्याला आम्ही तयार मजकूर म्हणायचो. त्यात बापाला जागा होती, आजोबांना, चुलत्यांना, मामांना, आत्याच्या नवऱ्याला होती. आईला स्वतःची अशी नव्हती. कुणी हौशी असला तर ‘श्री. व सौ.’ करायचा, मग ती बापाच्या नावाला धरून उभी राहायची. आणि बाप नसला तर? तर चुलता. चुलता नसला तर मामा. विधवेचं नाव शुभकार्याच्या कागदावर घालायचं नाही, ही पद्धत. मी कामाला लागले तेव्हा तो दोरा बांधलेलाच होता. मीही तसाच बांधत गेले.

पत्रिकेच्या तळाला चिमुकल्यांची किलबिल असते बघा, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ त्या ओळीत पिंकी असते, सोन्या असतो, परी असते. सगळी एका रांगेत, मुलगा-मुलगी असा भेद नाही. मला ती ओळ जुळवायला फार आवडायची. पण पस्तीस वर्षं एकाच गावातल्या घरांच्या पत्रिका जुळवल्या की पुढचंही दिसतं. तोच सोन्या मिसरूड फुटली की ‘आपले नम्र’मध्ये चढतो. पिंकी कुठं जाते? पिंकी गायब. मग एकदम नवरीच्या जागी उगवते, सोनेरी मोठ्या अक्षरात, एका पत्रिकेपुरती. त्यानंतर नवऱ्याच्या शेजारची सौ. आणि तो गेला की तेही नाही.

एक मास्तर होते. भला माणूस, जरा सुधारक. मुंजीच्या पत्रिकेत बायकोच्या नावामागचं ‘सौ.’ काढा म्हणाले, माणसाला नुसतं नाव पुरे. मी काढलं. पत्रिका मास्तरांच्या सासुरवाडीला पोचली आणि तिसऱ्या दिवशी सगळी सासुरवाडी टेंपो करून सोलापुरात हजर. सासूबाई रडतायत, मेव्हणे बाह्या सरसावतायत, “आमच्या ताईला सोडली का काय?” मास्तर त्यांना घेऊन छापखान्यात आले. “अक्का, तुम्हीच सांगा यांना!” मी काय सांगणार, माझंच हसू आवरेना. शेवटी मास्तरांच्या बायकोनं सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाली, “ते येक अक्षर घालून टाका परत. येवढ्या लोकांचा स्वयंपाक मला झेपायचा न्हाई.”

आता ज्या शब्दासाठी हे लिहायला बसले, त्याच्याकडं येते. पुरुषप्रधान. हा शब्द माझ्या हातातून कितीदा गेला असेल! दर मार्चमध्ये महिला दिनाची हँडबिलं यायची. ‘पुरुषप्रधान समाजात स्त्रीचे स्थान’ हे ठरलेलं व्याख्यान. खाली अध्यक्ष श्री., उद्घाटक श्री., प्रमुख पाहुणे श्री. आणि स्वागतगीताला तेवढी कुमारी. मी जुळवायचे, छापायला द्यायचे, खिळे परत खणात टाकायचे. शब्दाच्या तोंडालाच ‘पुरुष’ असल्यामुळं मला वाटायचं, पुरुषांनी करायची काहीतरी वाईट गोष्ट असणार. दारू पिऊन येणं, बायकोवर हात टाकणं, असलं. माझा नवरा तर साधा माणूस, आवाज चढवायचा नाही. दीर देवासारखा. म्हणजे हा शब्द आमच्या घरचा नव्हे, असं मी समजून चालले होते. तो शब्द माझ्याच टेबलावर बसलाय हे मला एका पोरीनं दाखवलं.

चारेक वर्षं झाली त्याला. नरसम्मा नावाची बाई लेकीला घेऊन आली. पूर्व भागातलं तेलुगू विणकर घर. नवरा यंत्रमागावर होता, पोरगी दुसरीत असताना गेला. नरसम्मानं विड्या वळून पोरगी वाढवली. श्रावणी तिचं नाव, नर्सिंग झालेली, दवाखान्यात नोकरीला. नरसम्मा स्टुलावर बसली आणि नमुन्यांचा अल्बम मांडीवर घेऊन एकेक पान असं उलटायला लागली, जसं दुकानात साडीचा पदर बघतात.

“अक्का, गणपती मोठा पायजे. आनि पोरीचं नाव दुरून दिसलं पायजे.”

“दुरून म्हणजे किती दुरून?”

“आमच्या जाऊबाईला चष्मा न लावता.”

तोपर्यंत आमच्याकडं खिळे राहिले नव्हते. ते किलोवर भंगारात गेले होते. मी पन्नाशीला येऊन संगणक शिकले, मालकांचा मुलगा वैतागायचा, पण शिकले. आणि पहिल्याच आठवड्यात काय केलं असेल, तर फळीवरचा तो तयार मजकूर शब्दन् शब्द संगणकात घालून ठेवला. फाईलला नाव दिलं ‘लग्न’. शिसं वितळलं पण साचा जसाच्या तसा राहिला, आणि तो मी माझ्या हातानं ठेवला.

मी विचारलं, “नवरीचे वडील कैलासवासी. घरात मोठं कोण?”

“दीर हाय. मल्लेशम.”

मी फाईल उघडली, नावं बदलली, दहा मिनिटांत प्रूफ काढून श्रावणीच्या हातात दिलं. प्रूफ म्हणजे कच्ची प्रत. गिऱ्हाइकानं वाचायची, चुका सांगायच्या, सगळं बरोबर असलं की खाली सही करायची. आमच्या धंद्यातला एकच कायदा, सही झाली की काना-मात्रा हलत नाही आणि सहीशिवाय मशीन चालत नाही.

श्रावणीनं वरपासून बोट फिरवलं. कैलासवासी वडील. स्वतःचं नाव, दुरून दिसणारं. निमंत्रक श्री. मल्लेशम. बोट खालपर्यंत गेलं, परत वर आलं.

“अक्का, आई कुठाय?”

“आई ही काय, स्टुलावर.”

“पत्रिकेत कुठाय?”

मी म्हटलं, “अगं, तसं घालत नाहीत.”

“कोण घालत नाही?”

“कोण म्हणजे... पद्धत आहे.”

नरसम्मा मधेच म्हणाली, “ऱ्हाऊ दे गं. अक्काला माईत हाय सगळं.”

श्रावणी माझ्याकडं बघून हसली. रागानं नव्हे, पेशंटला सुई टोचायच्या आधी नर्स हसते तसं. म्हणाली, “अक्का, ह्यालाच पुरुषप्रधान म्हणतात.”

आता मला जरा लागलं. म्हटलं, “काय बोलतेस? इथं पुरुष आहे तरी का एक? मी आहे, तू आहेस, तुझी आई आहे. मालकसुद्धा जेवायला गेलेत.”

“तेच की,” ती म्हणाली.

मी उगाच कीबोर्डवरची धूळ पुसायला लागले. नरसम्मानं ते प्रूफ लेकीच्या हातातून घेतलं. तिला मराठी बोलता फर्डं येई, वाचता जेमतेम. तरी बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिली. मग मला विचारलं, “अक्का, घालता येतंय का?”

“येतं की. दोन मिनिटांचं काम.”

“मग घाला. वर घाला. शाळंच्या दाखल्यावर सही माझी. दवाखान्यात, हॉस्टेलात, सगळीकडं सही माझी. बोलवायला तेवढं दुसऱ्याचं नाव कशाला?” आणि एवढं बोलून लगेच आवाज खाली आला. “पन दीर काय म्हनतो बगावं लागंल. कन्यादानाला तो नि जाऊबाई बसनार. मी बसून चालत न्हाई. तो रुसला तर मांडवात पोरीला कोन देनार?”

असा तो पेच होता. नाव घातलं तर दीर बिनसणार, आणि दीर बिनसला तर लग्नच अडणार. मी दोन प्रती काढल्या. एका प्रतीत निमंत्रक मल्लेशम, दुसरीत ‘श्रीमती नरसम्मा’ सगळ्यांच्या वर. दोन्ही घेऊन मायलेकी गेल्या. सही केली नाही.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी कपाटातली पत्र्याची पेटी काढली. माझ्या सविताच्या लग्नाची पत्रिका तिच्यात होती. सविता माझी एकुलती लेक, मैंदर्गीला दिलेली. तिच्या लग्नाच्या आधीच तिचे वडील गेले होते. पत्रिका मी स्वतः जुळवली, खिळ्यांच्या शेवटच्या दिवसांत. त्यावर निमंत्रक कोण? माझे दीर. आणि सांगते, दिरांनी एक शब्द सुद्धा टाकला नव्हता. मी विचारायला फोन केला तर म्हणाले होते, “तुमचं तुम्ही बघा वहिनी, मला त्यातलं काय कळतंय?” नणंदेनं सांगितलं नाही, भटजींनी सांगितलं नाही. मीच दोरा सोडला, नावं बदलली आणि दोरा बांधला. त्या पत्रिकेत मी कुठंच नाही. सविता माझ्या शेजारी बसून पत्रिकांना घड्या घालत होती, पाचशे घड्या घातल्या तिनं. काही बोलली नाही. मला तेव्हा वाटलं, पोरीच्या लक्षात आलं नसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मल्लेशम आले. मागावर जन्म काढलेला माणूस, खडखडाटात कान गेलेले, त्यामुळं साधं बोलले तरी भांडण वाटावं असा आवाज. दोन्ही प्रूफं माझ्या टेबलावर ठेवली.

“अक्का! पोरगी मला एक शब्द बोलली. पुरुषप्रधान. शिवी हाय का ती?”

“शिवी नाही हो.”

“मग तोंड तसं कशाला केलं तिनं?”

“बसा तरी आधी.”

“बसत न्हाई. मी काय वाईट केलं सांगा. भाऊ गेला, मी वदिनाला घराबाहेर काडलं का? पोरीची फी दोनदा मी भरलो. दारू पीत न्हाई. आनि मला पुरुषप्रधान!” वदिना म्हणजे त्यांच्या भाषेत वहिनी.

काय सांगता, मला माझंच बोलणं ऐकू येत होतं. मीही कालपर्यंत असंच समजत होते की दारू नाही, मार नाही, म्हणजे तो शब्द आपला नाही. मी म्हटलं, “मामा, मागावर बीम चढवता ना तुम्ही? उभे दोरे भरलेला?”

“चडवतो की. तीस वर्सं झाली.”

“तो बीम तुम्ही भरता?”

“मी कशाला? भरून येतोय. मी आडवा दोरा घालायचा.”

“आणि त्या बीमवर चादरीचा दोरा भरलेला असला, तर तुम्ही वरनं कितीही जीव तोडून विणा, साडी निघंल का?”

“कशी निघंल?”

“तसं ते. तुम्ही वाईट, मी वाईट, असं पोरगी म्हणत नाही. काल पत्रिका मी जुळवली, बाईमाणसानं. तरी आई राहिली बाहेर. बीमच तसा भरलेला. त्या भरण्याला तो शब्द आहे.”

मल्लेशम बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, “बीम बदलायला दोन मानसं लागतात, अक्का. येकट्यानं उचलत न्हाई.”

“मग आपण दोघं आहोत की.”

हसले नाहीत. “तुमाला सोपं हाय. लोक तुमाला न्हाई, मला इचारनार. काका जिता असून विधवंला पत्रिकेत हुबी केली म्हनतील. बरं, लोकांचं सोडा. पयली पत्रिका देवाला ठेवतो आमी, कुंकू लावून. देवाफुडं ही कशी ठेवू?” आणि बोट नरसम्माच्या नावावर.

तेव्हा मी माझ्या धंद्यातली हुशारी काढली. इतक्या वर्षांत रुसलेल्या मामा-काकांना मनवायच्या हजार युक्त्या शिकलेली बाई मी. म्हटलं, “असं करू. देवासाठी एक प्रत वेगळी काढते, वर तुमचं नाव घालून. ती देवाला ठेवा. बाकी सगळ्या वहिनींच्या नावानं. देवाचंही राहिलं, पोरीचंही राहिलं.”

मला वाटलं, खूश होतील. मल्लेशमनी माझ्याकडं असं बघितलं की मी खुर्चीत आकसले.

“देवाला खोटी पत्रिका देऊ?”

मी टेबलावरची प्रूफं उगाच सारखी करायला लागले.

“देवाला म्हायीत न्हाई का, पोरगी कुनी वाडवली? त्यो बगत हुता की वरनं. त्याला मी माझं नाव दाखवू?” आवाज इतका चढला की मशीनवरचा माणूस वाकून बघायला लागला. मग मल्लेशमनी आपलं नाव वर असलेलं प्रूफ उचललं, चार घड्या घातल्या आणि खिशात घातलं. दुसरं माझ्याकडं सरकवलं. “येकच करा. माझं नाव तिच्या खाली नको.”

“मग?”

“शेजारी घाला. माझ्या बायकोचं पन घाला, न्हाईतर मला घरात घेनार न्हाई.”

“आणि सही?”

“सही वदिनाची घ्या. उद्या कुनी बोललं तर सांगतो, मी न्हाई बाबा, सही तिची हाय!” आता मात्र हसले. तीस वर्षांचा मागवाला, पण आत किती मऊ सूत होतं.

नरसम्मा संध्याकाळी आली. प्रूफ हातात घेतलं आणि आपलं नाव मला बोटानं दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. त्यावर तिनं बोट ठेवलं, तंबाखूनं पिवळं झालेलं. मग खाली तेलुगूत सही केली, गोल गोल, एकेक अक्षर विडीसारखं वळून. श्रावणीनं फोनवर त्याचा फोटो काढला. मी चहा मागवला, मालकांच्या खात्यावर नव्हे, माझ्या.

लग्नाला मी गेले होते. सगळं गोड झालं असं नाही. नातेवाइकांतली दोन घरं आली नाहीत, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. कन्यादानाला काका-काकूच बसले, नरसम्मा खांबाशी उभी राहून बघत होती. एवढा बीम काही एका दिवसात बदलत नसतो. पण मांडवाच्या दाराशी मल्लेशम त्यांच्या त्या आवाजात प्रत्येक पाहुण्याला विचारत होते, “पत्रिका मिळाली का? वाचली का? वर कुनाचं नाव हाय, वाचलं का?” जसं काही ती कल्पना त्यांचीच. आणि देवापुढं ठेवलेली पत्रिका मी मुद्दाम वाकून बघितली. कुंकवाचं बोट बरोबर वहिनी-दिराच्या नावांच्या मधोमध होतं.

त्यानंतर मी त्या ‘लग्न’ फाईलमध्ये एक ओळ वाढवली. नवरीची आई, नवऱ्याची आई, अशा दोन रिकाम्या जागा. गिऱ्हाईक नको म्हणालं तर काढायची, पण आधी जागा असू द्यायची. बरेच जण काढायला सांगायचे. काही जण त्या जागेकडं बघायचे, जरा थांबायचे आणि म्हणायचे, “असू दे की.” मास्तर आता थकलेत, पण नातीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले तेव्हा ती जागा बघून म्हणाले, “अक्का, टेंपो येईल हं परत!”

गेल्या दिवाळीनंतर मी काम सोडलं. डोळे दमले, आणि लोक पत्रिका फोनवर पाठवायला लागलेत. नवरा-नवरी त्यात नाचतात, गाणं वाजतं, नाव शोधायच्या आत पुढं पळतं. शेवटच्या दिवशी मालक म्हणाले, “अक्का, जाता जाता काही छापून हवंय का?” मी म्हटलं, “हो. एक पत्रिका. एकच प्रत.”

सविताच्या लग्नाची जुनी पत्रिका समोर ठेवून मी मजकूर नव्यानं जुळवला. संगणकातली फाईल उघडली नाही. आठवून आठवून जुळवला, खिळे जुळवायचे तसा, एकेक शब्द. तोच मुहूर्त, तेच मंगल कार्यालय, आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. वर गणपती. आणि निमंत्रक म्हणून माझं नाव, दुरून दिसेल असं. बावीस वर्षांनी. छापून निघाली तेव्हा कागद गरम होता, मी तो गालाला लावला. मालकांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

मैंदर्गीला जायला काही जमेना, म्हणून फोनवर सविताला फोटो पाठवला. तासभर काही नाही. मी सारखी फोन उचलतेय, ठेवतेय. मग तिचा फोन आला. नाक ओढत होती.

“आई.”

“बोल.”

“मला तवाच दिसलं हुतं गं. घड्या घालताना.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू इतकी खूश हुतीस, अक्षर लई सुरेख उठलंय म्हणून. कसं बोलू?”

मग तिचा सूर बदलला. छापखान्यात वाढलेली पोर ती, प्रूफ हातात आलं की चूक शोधणारच.

“पण आई, येक चूक हाय.”

“मुहूर्त चुकला?”

“सुनील कुणाचा मुलगा?” सुनील म्हणजे आमचे जावई.

“कुणाचा म्हणजे? बसवराजअप्पांचा. लिहिलंय की, चिरंजीव म्हणून.”

“येकट्या त्यांचाच?”

मी पत्रिका परत हातात घेतली. वरपासून बोट फिरवलं. माझं नाव, सविताचं नाव, सुनीलचं, त्याच्या बापाचं. फाईल उघडली नव्हती हो मी. डोक्यातलीच उतरली. दोन रिकाम्या जागा करणारी मी, त्यातली एक स्वतःला घेतली आणि दुसरी साफ विसरले. कपाळावर हात मारला, त्याचा आवाज मैंदर्गीपर्यंत गेला असेल.

“सांग बाई, त्यांचं नाव सांग. दुसरी छापून घेते.”

“तुला म्हायीत न्हाई?”

बावीस वर्षं झाली सोयरीक होऊन. त्यांच्या हातची शेंगाचटणी मी दर वर्षी डबा भरून आणते. मी त्यांना विहीणबाई म्हणते, सविता आत्या म्हणते, सुनील कानडीत यव्वा म्हणतो, गाव सुनीलची आई म्हणतं. नाव घ्यायचा प्रसंगच कधी आला नाही.

“मी सांगत न्हाई,” सविता म्हणाली. “तूच इचार. हितंच हायत, ज्वारी निवडतायत. आत्या, आईचा फोन हाय.”

सुपाचा आवाज थांबला. “काय वो विहीणबाई, जेवलात का?”

“जेवले. विहीणबाई, एक विचारायचं होतं. रागावू नका. तुमचं नाव काय हो?”

आधी त्या इतक्या हसल्या की मागं कोंबड्या ओरडल्या. “आता गं बया! बावीस वर्सांनी?” मग हसणं हळूहळू थांबलं. सूप बाजूला सारल्याचा आवाज आला.

“कुटलं सांगू?” त्या म्हणाल्या. “म्हायेरचं का सासरचं?”

मी पेनाचं टोपण काढलं.

“दोन्ही सांगा,” मी म्हटलं. “कागद मोठा घेतलाय.”